पाळी जाते, रक्तवाहिन्यांचं काय?

दिवाळी उरकली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर कारखान्यांची ही रांग उभी आहे. त्यांचा ऊस तोडायला टोळ्या येतात त्या मात्र बीड, अहिल्यानगर, जालना अशा कोरड्या मुलखातून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि घरी खर्चही झालेली. एक दिवस खाडा पडला की त्याचे पैसे कापले जाणार. पहाटे फडात शिरायचं आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. हे काम बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतं.

२०१९ च्या एप्रिलमध्ये याच बायकांची बातमी देशभर गाजली. बीडच्या गावागावांत तिशीतल्या, काही तर पंचविशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या होत्या. अंगावरून पांढरं जातंय, पाळीत फार जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि ऑपरेशन उरकायचं, असा तो प्रकार. पाळीच्या दिवसांचा खाडा टळतो म्हणून बायकाही तयार व्हायच्या. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवरची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं.

चर्चा झाली ती शोषणाची, दवाखान्यांच्या नफेखोरीची आणि उचलीच्या पाशाची. ती व्हायलाच हवी होती. पण वैद्यकाच्या अंगाने एक प्रश्न बाजूलाच राहिला. बत्तिसाव्या वर्षी जिची पाळी कायमची थांबली, तिच्या हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं पुढच्या वीस वर्षांत काय होतं? त्यावर इलाज आहे का? हार्मोनच्या गोळ्यांवर जगभर गेली साठ वर्षं जो वाद चालला आहे, त्याच्या पोटात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. गंमत अशी, की वाद घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई कधीच नव्हती.

आधी शरीराकडे पाहू. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. या वायूचं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन या पेशींवर बसून काही मिनिटांतच नायट्रिक ऑक्साइड वाढवतं. यकृतातही ते वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून घेण्याची सोय वाढवतं. पाळी असेपर्यंत बाईच्या वाहिन्या त्याच वयाच्या पुरुषापेक्षा लवचीक राहतात, त्यामागे ही कारणं आहेत.

पाळी जाताना हे कवच हळूहळू उतरतं, असं पूर्वी समजलं जायचं. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासाने ही समजूत बदलली. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच एलडीएल एकदम चढतं आणि धमन्याही त्याच सुमारास ताठर होऊ लागतात, असं त्यात दिसलं. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजतं, या तक्रारी आपल्याकडे 'वयाचं आहे' म्हणून सोडून दिल्या जातात. ज्यांना या वाफा वारंवार आणि जोरात येतात, त्यांच्या वाहिन्यांचं अस्तरही अधिक बिघडलेलं असतं, असं पिट्सबर्गच्या रेबेका थर्स्टन यांच्या कामातून पुढे आलं आहे. वाफांमुळे हृदयविकार होतो, असा याचा अर्थ नव्हे. पण वाफांची तक्रार करणाऱ्या बाईचा रक्तदाब न मोजता तिला परत पाठवणं योग्य नाही.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की झालं, असं कुणालाही वाटेल. तसं वाटलंही. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून विकलं जात होतं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने 'फेमिनिन फॉरेव्हर' नावाचं पुस्तक लिहून पाळी जाणं हा आजारच ठरवला आणि गोळ्यांचा खप वाढला. पुढे परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. त्यावर डॉक्टर मंडळी निर्धास्त झाली. पण त्या बायका मुळातच सुशिक्षित आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. नियमित डॉक्टरकडे जाणाऱ्यालाच अशी गोळी मिळते. त्यामुळे गुण गोळीचा की गोळी घेणारीचा, हे त्यातून कळत नव्हतं.

पहिला धक्का १९९८ मध्ये बसला. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवरच्या 'हर्स' चाचणीत हार्मोनचा फायदा दिसला नाही, उलट पहिल्या वर्षी झटके जास्त आले. मग जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड चाचणीचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र, किंवा नुसती खोटी गोळी, असं पाच वर्षांवर दिलं होतं. दहा हजार बायका एक वर्ष औषध घेतात असं धरलं, तर खोट्या गोळीवाल्यांत हृदयविकाराच्या ३० घटना, हार्मोनवाल्यांत ३७. पक्षाघात २१ च्या जागी २९, स्तनाचा कर्करोग ३० च्या जागी ३८, आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या १६ च्या जागी ३४. जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला' असा मथळा दिला. दहा हजारांत सात, असं लिहिलं असतं तर एवढा हाहाकार उडाला नसता. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही तेव्हापासून हात आखडता घेतला, तो अजून सैल झालेला नाही.

त्या चाचणीत कोण होतं, हे मात्र फार थोड्यांनी वाचलं. बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांची पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं लोटली होती. बऱ्याचजणी स्थूल होत्या आणि साधारण तिसऱ्या हिश्शाला रक्तदाब होता. भारतात पाळी सरासरी ४६ च्या आसपास जाते, असं इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत आढळलं आहे. म्हणजे ज्या प्रयोगावरून आपण सत्तेचाळीस वर्षांच्या इंदापूरकर बाईबद्दल ठरवतो, त्यात तिच्याहून सोळा वर्षांनी मोठी अमेरिकन बाई होती.

दरम्यान माकडांवर वेगळंच काम चाललं होतं. नॉर्थ कॅरोलिनात टॉमस क्लार्कसन यांनी माद्यांची अंडाशयं काढून त्यांना चरबीयुक्त आहार दिला. काहींना लगेच इस्ट्रोजेन सुरू केलं, त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर ७० टक्क्यांनी कमी साचले. काहींना ते दोन वर्षांनी दिलं, माणसाच्या हिशेबात सहा वर्षांनी, आणि फायदा शून्यावर आला. नीरा डाव्या कालव्याच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. अस्तर धड असताना सोडलेलं पाणी टेलपर्यंत जातं, पण तडे गेलेल्या, गाळाने भरलेल्या पात्रात तेच पाणी भराव फोडतं. निरोगी अस्तरावर इस्ट्रोजेन वाहिनी सैल ठेवतं. थर साचून गेलेल्या वाहिनीत त्याला धरणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी झालेले असतात, आणि थरावरची साय पातळ करणारी विकरं मात्र वाढतात. साय फाटली की गुठळी होते आणि झटका येतो. 'हर्स'मध्ये पहिल्याच वर्षी जे घडलं, त्याची ही एक पटणारी उकल आहे.

माणसांत हे तपासणारी सर्वांत नेटकी चाचणी म्हणजे हॉवर्ड होडिस यांची 'एलिट', २०१६ ची. ६४३ बायका, दोन गट. एका गटाची पाळी जाऊन सहा वर्षंही झाली नव्हती, दुसऱ्या गटाची जाऊन दहाहून अधिक. मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी दर वर्षी किती वाढते, ते सोनोग्राफीने मोजलं. पहिल्या गटात खोटी गोळी घेणाऱ्यांत ती ०.००७८ मिलिमीटरने वाढली आणि एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ०.००४४ ने. दुसऱ्या गटात औषधाने काही फरक पडला नाही. याच्या उलट 'कीप्स' या ७२७ बायकांच्या चाचणीत चार वर्षांनंतरही जाडीत फरक दिसला नाही. तिथल्या बायका इतक्या निरोगी होत्या, की कुणाचीच जाडी फारशी वाढली नाही. डेन्मार्कच्या चाचणीत मात्र सुमारे हजार बायकांत, दहा वर्षांच्या उपचारानंतर मृत्यू, हृदय निकामी होणं किंवा झटका मिळून औषध न घेणाऱ्यांत ३३ आणि घेणाऱ्यांत १६ घटना झाल्या. आकडे लहान आहेत आणि कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये.

औषध शरीरात कुठल्या वाटेने जातं, यानेही फरक पडतो. गोळी आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी थेट रक्तात पोचते. फ्रान्समधल्या 'एस्थर' अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, त्वचेवाटे घेणाऱ्यांत तो दिसला नाही. भारतात जेल मिळतं. माझ्या मते रक्तदाब किंवा स्थूलपणा असलेल्या बाईसाठी पहिला विचार त्याचाच व्हावा. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो.

मग पन्नाशीतल्या बारामतीकर बाईला काय सांगायचं? वाफांनी झोप उडाली असेल, वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि स्तनाचा कर्करोग, झटका, पक्षाघात, गुठळ्या यांतलं काही झालेलं नसेल, तर हार्मोन घ्यायला घाबरण्याचं कारण नाही. पण 'हार्ट चांगलं राहावं' म्हणून, काही त्रास नसताना ते घेऊ नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्येही हेच पुन्हा सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे हृदयविकाराचे आणि स्तनाच्या कर्करोगाचे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली. इतक्या वर्षांची भीती कमी होतेय ते बरंच, पण म्हणून उद्या प्रत्येक चाळिशीपारच्या बाईच्या हातात जेलची ट्यूब देणारे दवाखाने निघू नयेत.

हृदयासाठी करायच्या गोष्टी जुन्याच आहेत, आणि इथे त्याच राहून जातात. बारामतीच्या बागायती पट्ट्यात शेतातलं काम मजुरांकडे गेलं, मालकिणीचं चालणं सुटलं आणि चहातली साखर मात्र तशीच राहिली. सुपे-मोरगावच्या जिरायती बाजूला चित्र थोडं वेगळं असेल, पण मिश्री दोन्हीकडे आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड सकाळी दात घासायला म्हणून तोंडात जाते आणि मग दिवसातून चार वेळा. बायका तिला तंबाखूत मोजत नाहीत. डॉक्टरने 'तंबाखू खाता का?' विचारलं की 'नाही' म्हणतात आणि ते खरंच समजून म्हणतात. निकोटिन मात्र रक्तदाब वाढवतंच. शिवाय अंगदुखीची गोळी. फडात दिवसभर वाकल्यावर संध्याकाळी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक वर्षानुवर्षं घेतली, तर तीही रक्तदाब आणि हृदयाचा धोका वाढवते. 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांपेक्षा जवळजवळ सहा वर्षं आधी. इथल्या बाईला थांबायला वेळ नाही.

आता फडातल्या बाईकडे वळू. पुराव्याचं पारडं इथे एका बाजूला झुकलेलं आहे, तरी तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. परिचारिकांच्या त्याच अभ्यासातून ग्रॅहम कोल्डिट्झ यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या बायकांत, वय आणि धूम्रपान हिशेबात धरल्यावर, हृदयविकार वाढत नाही. पण दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि हार्मोन न घेतलेल्या बायकांत तो दुपटीहून जास्त होतो. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या नोंदींतून आणखी स्पष्ट दिसलं. ४५ च्या आत अंडाशयं गेली आणि निदान त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन दिलं नाही, तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त. दिलं, तर ही वाढ दिसली नाही.

विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा दुसरा भाग तर पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचाच होता. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघात वाढल्यामुळे तो २००४ मध्ये थांबवला गेला, पण हृदयविकार वाढला नव्हता आणि स्तनाचा कर्करोगही वाढला नव्हता. त्यातल्या पन्नाशीतल्या बायकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम कमी साचलेलं आढळलं. २०१९ मध्ये जोॲन मॅन्सन यांनी अठरा वर्षांचा पाठपुरावा मांडला. पन्नाशीत औषध सुरू केलेल्या आणि दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांत एकूण मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. म्हणूनच जगातल्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांचं एका गोष्टीवर एकमत आहे. पाळी वेळेआधी थांबली, तर मनाई नसल्यास हार्मोन द्यावं, आणि नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत द्यावं. वर सांगितलेल्या अमेरिकी कृतिदलानेही आपला 'नको' हा सल्ला अशा बायकांना लागू नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

पिशवी नसलेल्या बाईला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. म्हणजे ज्या उपचाराची जोखीम सर्वांत कमी, तोच तिचा उपचार. पण त्याआधी एक साधी गोष्ट कळायला हवी, की तिची अंडाशयं आहेत की गेली? सुटीच्या कार्डावर 'टीएएच', म्हणजे पिशवी काढली, एवढंच लिहिलेलं असतं, किंवा कार्डच घरच्या पत्र्याच्या पेटीत बीडला राहिलेलं असतं. 'टीएएच विथ बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत. फरक दोनच शब्दांचा, पण त्यावर पुढची सगळी चिकित्सा ठरते. अंडाशयं ठेवली असली तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. न्यूझीलंडच्या एका अभ्यासात साधारण पावणेचार वर्षांचा फरक दिसला. पाळीच नसल्याने ते कळायला मार्ग नसतो. वाफा, कोरडेपणा, वाढता रक्तदाब यांवरून आणि एफएसएच या रक्ततपासणीवरून अंदाज घ्यावा लागतो.

अडचणी आहेत, त्या झाकायला नकोत. ही बाई सहा महिने इंदापुरात आणि सहा महिने शिरूर-कासार किंवा धारूरला. औषध सुरू कोणी करायचं आणि रक्तदाब कोणी पाहायचा? रक्तदाब न तपासता इस्ट्रोजेन दिलं तर पक्षाघाताची भीती आहे, हे चाचणीनेच सांगितलं आहे. म्हणून मी थेट 'सगळ्यांना हार्मोन द्या' असं म्हणणार नाही. पण बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोजण्याचा सरकारी कार्यक्रम आशाताईंच्या हातात आहे. गाळप हंगामाच्या पहिल्या महिन्यात कारखान्यांच्या तळांवर तपासणी ठेवली, तर टोळ्या जागच्या जागी सापडतात. वर्षातून एवढ्या बायका एका ठिकाणी बीडमध्येसुद्धा मिळत नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, अशी तरतूद आहे. तो पैसा यासाठी मागायला कुणाची हरकत नसावी.

त्या तपासणीत तीन प्रश्न वाढवा: पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आणि अंडाशयं ठेवली का. आणि ज्यांच्या घरी कुणाची पिशवी पंचेचाळिशीच्या आत काढली आहे, त्यांनी ऑपरेशनचं कार्ड आजच शोधून काढा. ते सापडलं नाही, तर जिथे ऑपरेशन झालं तिथून नोंद लिहून आणा. मग कार्ड आणि मोजलेला रक्तदाब घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि स्पष्ट विचारा, हिला पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचं की नाही, आणि नाही, तर का नाही.